रिपोर्टात काही निघालं नाही

रिठद, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज शाळेतलं खिचडीचं काम गेलं. नऊ वर्षं रांधलं मी तिथं.

फोडणीचा वास आला, गार वारा लागला की नाक गळते. ताप नाही, खोकला नाही, नुसतं पाणी. मागच्या आठवड्यात वाशिमच्या डॉक्टरनं ॲलर्जीची तपासणी केली, रिपोर्टात काही निघालं नाही. ते म्हणाले, "ही ॲलर्जी नाही, बाई, अन् साथीची सर्दीही नाही. तुमच्या नाकाच्या आतल्या नसा वासानं, थंडीनं लवकर चिडतात. कोणाला लागत नाही. पूर्ण जाईलच असं नाही, पण नाकात मारायच्या औषधाच्या फवाऱ्यानं आवरता येईल." मेडिकलमधून आणलेले थेंबही बंद करायले सांगितले, त्यानं नाक अजून सुजते म्हणे. अन् मी दोन वर्षं तेच घालून राह्यली होती.

माझ्या नाकानं लेकरायले सर्दी लागते अशी पालकांची तक्रार होती, म्हणून तो रिपोर्ट घेऊन आज हेडमास्तरांकडे गेली.

"यात तर काहीच नाही, ताई. म्हणजे सर्दीच ना?"

"सर्दी नाही, गुरुजी. लेकरायले लागत नाही."

"मग आहे काय? पालकांना काय सांगू मी? उद्यापासून खिचडीला येऊ नका, ताई."

डॉक्टरनं सांगितलेलं सारं तिथंच विसरली. काहून? रिपोर्टात काही निघालं असतं तर त्यायनं ऐकलं असतं का? काही निघालं नाही, म्हणून मीच खोटी.

घरी ह्यांनी विचारलं, "काय म्हणले गुरुजी?" तोंड उघडलं अन् रडू आलं. पदर नाकाले लावला.

हे म्हणाले, "आज लयच गळून राह्यलं तुझं नाक."

मी हो म्हटलं.