इंजिन गरम होतं, बाबा

बाबा, आज मी राजूरच्या अलीकडे एका भंगारवाल्याकडे जुनं इंजिन पाहायला गेले होते, आणि तुम्ही शिकवलेलं सगळं करूनही घ्यावं की सोडावं हे न कळता परत आले. तुम्ही असता तर चिडला असता, पण चिडून का होईना, काहीतरी एक सांगितलं असतं.

तुम्हाला माहीत नाही, तुम्ही गेल्यावर मी मुकुटबनला शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायला लागले. आजूबाजूच्या तीन गावांतली मुलं माझ्या गाडीने येतात आणि त्यांच्यावरच माझं घर चालतं. यंदा सुट्टीतच व्हॅनचं इंजिन बसलं. वणीच्या मिस्त्रीने उघडून पाहिलं आणि हात झटकले. यात आता काही राहिलं नाही, चांगलं जुनं इंजिन मिळालं तर आणा, बसवून देतो, म्हणाला. शाळा उघडायला दोन आठवडे आहेत. पहिल्या दिवशी गाडी दारात आली नाही की आईबाप दुसऱ्या गाडीवाल्याला सांगून टाकतात. आणि घाईत वाईट इंजिन घेतलं, पावसात पोरं भरलेली गाडी रस्त्यात उभी राहिली, तर त्यांना तोंड कसं दाखवू?

भंगारवाल्याकडची व्हॅन माझ्या व्हॅनसारखीच, पण मागून ट्रकने ठोकलेली. मागचा भाग पार चेपलेला, पुढे मात्र धक्का नाही. सगळ्यावर कोळशाची काळी धूळ. मी पुढची सीट उचलली आणि डोळ्यांनी काही पाहायच्या आधी खालच्या इंजिनावर तळहात ठेवला, तुम्ही ठेवायचात तसा. इंजिन गरम होतं.

मला महागावचा तो दिवस आठवला. मी नववीत असेन. तुम्ही मला सोबत घेऊन एक जुनी जीप पाहायला जाता. बॉनेट उघडता, हात ठेवता, बॉनेट लावता आणि सरळ रस्त्याला लागता. मालक मागून ओरडतोय, "अजी, चालू तं करून पाहा!" मी तुमच्यामागे पळतेय.

"बाबा, पाह्यलं काहून नाई?"

"पाह्यलं ना. तापवून ठेवलं हाये थे. गरम इंजिन कोनाचंबी एका चावीत उठते, माय. थंडं कसं उठते थे पाहा लागते. आपन इथं याच्या आंधी ज्यानं तापवलं, त्यानं कायतरी झाकलं."

मी म्हटलं, पण आपण दोन गाड्या बदलून आलो ना. तुम्ही खेकसलात, "मंग काय त्याच्यासाठी भंगार घिऊन जाऊ घरी?" मला तेव्हा रडू आलं होतं. परतताना तुम्ही न बोलता केळी घेऊन दिली होती.

पण बाबा, ते थंडीचे दिवस होते. जूनच्या दुपारी आपल्याकडे गरम काय नसतं? बंद गाडी, वर टिनाचं छप्पर. हे इंजिन चालवून तापलं की उन्हाने? शेजारी एक दुसरी व्हॅन होती, तिच्या इंजिनात पिस्टनसुद्धा उरले नव्हते, म्हणजे ते चालू होणंच शक्य नव्हतं. मी एक हात तिच्या इंजिनावर ठेवला आणि एक ह्याच्यावर, लेकराचा ताप पाहताना दुसरा हात आपल्या कपाळाला लावतो तसा. हे जास्त गरम वाटलं. हात बदलले तर ते जास्त वाटलं. तुमच्या तळहाताला हे कसं कळायचं, की तुम्हालाही कळत नव्हतं आणि उगाच ऐट होती?

बाकी सगळं ठीक होतं. ऑइलच्या झाकणाखाली पांढरा फेस नाही. बोल्टांच्या डोक्यांवर पान्याचे ओरखडे नाहीत, म्हणजे कोणी उघडलेलं नाही. धूर निळा नाही. एका चावीत उठलं, आणि नेमकं तेच मला नको होतं.

शेवटी मी विचारलंच, "काका, मी इथं याच्या आंधी तुमी चालू केलतं का हे?"

"केलतं ना," तो म्हणाला. "तुमी फोन केला तवाच केलतं. पार्टीसमोर एक डाव नाई उठलं तं पार्टी जाते निघून. खोटं कायले बोलू?"

तुमच्या नियमाने मी तिथूनच वळायला हवं होतं. पण झाकणारा माणूस असं तोंडावर सांगतो का? की असं सांगून टाकणं हीच त्याची हुशारी? त्याने चावी काढून माझ्या हातात दिली. "घिऊन जा. उद्या ऊन चढाच्या आंधी या, आपल्या हातानं चालू करा." तार जोडली की चावीशिवाय गाडी चालू होते, हे मला कळतं आणि त्यालाही कळतं. तरी मी चावी घेऊन आले. आता ती समोर टेबलावर आहे आणि मी हे लिहीत बसले आहे, कुठे टाकणार नाही असं पत्र.

उद्या इंजिनाचं काय ते कळेल. पण त्या माणसाला खरा म्हणायचं की लबाड, ते मला कळत नाही. कारण तुम्ही गेल्यावर तुमची स्वतःची जीप मी विकली. तुम्ही आजारी पडलात तेव्हापासून ती सकाळी खोकायची, आचके द्यायची, पांढरा धूर सोडायची. घ्यायला एक म्हातारे गुरुजी आले होते. ते येण्याआधी मी ती अर्धा तास चालवून ठेवली होती. जास्त पैसे मिळावेत म्हणून नाही, खरंच नाही. तुमच्यासारख्या मिस्त्रीचीच जीप उठत नाही असं कोणी म्हणू नये म्हणून. गुरुजी म्हणाले, "तुह्या बाबाची गाडी, तिच्यात पाहाचं काय राह्यते?" तरी सवयीने त्यांचा हात बॉनेटकडे गेलाच. मी घाईने चहाची कपबशी त्यांच्या दोन्ही हातांत दिली, आणि त्यांचा चहा संपेपर्यंत बॉनेटला टेकून उभी राहिले. पाठ भाजत होती, बाबा.