न घेतलेल्या वाटीची आठवण

॥ श्री ॥

अकोटा, बडोदे
१८ जानेवारी १९९७

ती. मंदामावशीस,
पूर्णिमाचा शि. सा. न. वि. वि.

तिळगुळाचा डबा पोचला. हलवा सानवीने शाळेतून येताच संपवला आणि माझ्या वाट्याला पिशवीच्या तळाची साखर आली. उत्कर्षच्या रिफायनरीतल्या पाळ्या बदलल्या आहेत, तेव्हा घरात कोणी ना कोणी झोपलेलंच असतं.

हे फोनवर सांगता आलं नसतं. फोन पुढच्या खोलीत आहे आणि तिथे सासूबाई असतात. मावशी, माझ्यावर चोरीचा आळ आला आहे.

नंदेसरीच्या आमच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, प्लॅटिनमची एक क्रुसिबल असते. नमुने भट्टीत जाळण्यासाठी वापरतात ती वाटी, फुलपात्राहून लहान, पण सोन्यासारखी जपायची. उत्तरायणाच्या, म्हणजे इथल्या संक्रांतीच्या, सुटीआधी ती शेवटची मी वापरली, पुसून डबीत ठेवली, कपाटाला कुलूप लावलं. सुटीनंतर कपाट उघडलं तर डबी रिकामी. कुलूप जागच्या जागी. दोनच किल्ल्या, एक माझ्याकडे आणि दुसरी आमचे मुख्य बक्षीसाहेब यांच्याकडे. साहेबांनी तक्रार दिली. काल हवालदार आला आणि म्हणाला की बेन, फौजदारसाहेबांनी ठाण्यात बोलावलंय. मी निमूट गेले.

दिवसभर बसवून ठेवलं. फौजदार आवाज चढवत नाही, तेच वाईट. गोष्ट सांगावी तसा तो मला माझीच संध्याकाळ सांगत राहिला. सगळे पतंग-दोऱ्याच्या गडबडीत होते, तुम्ही डबी उघडलीत, वाटी रुमालात गुंडाळलीत, पर्समध्ये जेवणाच्या डब्याखाली ठेवलीत. मग चहा. मग पुन्हा तेच, पहिल्यापासून. शेवटी टाइप केलेला एक कागद पुढे सरकवला आणि सही करी दो ने बेन, म्हणाला. मी चष्मा विसरल्याचं सांगून सुटले. बुधवारी पुन्हा बोलावलंय.

काका असते तर त्यांच्यातल्या वकिलाला विचारलं असतं. आता तूच सांग.

तुझी माया आहे, एवढ्यावरच उद्याचा दिवस काढीन.
तुझी
पूर्णिमा

॥ श्री ॥

इंदूर
२१ जानेवारी १९९७

चि. सौ. पूर्णिमा हिस,
मंदामावशीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी मिठाईच्या डब्यावर हात मारलास की तोंडावर लगेच दिसायचं. तू काय चोरी करणार? फौजदाराला तुझं तोंड वाचता येत नसेल तर त्याचीच नोकरी धोक्यात आहे.

आता नीट वाच. तुझ्या काकांच्या ऑफिसात पक्षकारांना चहा नेताना दारात उभी राहून अर्धी वकिली मी शिकले, ती आज कामाला येऊ दे. बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. विचारायचं ते त्यांनी तुझ्या घरी येऊन, घरच्यांसमोर विचारावं. पुन्हा कोणी आलं तर लेखी नोटीस माग. भांडू नकोस, पळू नकोस, विचारलेल्याचं खरं तेवढं उत्तर दे. आपल्याकडून तर्क करू नकोस, दुसऱ्या कोणाचं नाव तर मुळीच घेऊ नकोस. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर सही करावीच लागत नाही. कोऱ्या कागदावर नाही, लिहिलेल्यावर नाही, आणि मिटवून टाकू म्हणणाऱ्याच्या कागदावर तर नाहीच. घराची झडती घ्यायला आले तर शेजारचे पंच बोलाव आणि काय नेलं त्याची नक्कल घे.

काकांच्या हाताखाली शिकलेले धनाजीराव तिकडेच रावपुऱ्यात वकिली करतात. त्यांना मी तार केली आहे. हे पत्र हाती पडेपर्यंत ते तुझ्या दाराशी आलेले असतील. त्यांना सोडून कुठेही जायचं नाही.

जेवत जा. आशीर्वाद देणारी म्हातारी अजून खणखणीत आहे, हे लक्षात ठेव.
तुझी
मंदामावशी

॥ श्री ॥

अकोटा, बडोदे
२९ जानेवारी १९९७

ती. मंदामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

धनाजीराव बुधवारी सकाळीच आले. मला घरी थांबवून एकटे ठाण्यात गेले. त्यानंतर फौजदार घरी आला, सासूबाईंसमोर बसला, चार प्रश्न विचारून गेला. झडती झाली नाही. तरी रस्त्यात जीप वाजली की हातातलं भांडं मी खाली ठेवते.

मग बक्षीसाहेबांचा निरोप आला. वाटी आणून द्या किंवा भरपाई लिहून द्या, तक्रार मागे घेतो, बाहेर काही कळणार नाही. मी नाही म्हटलं. आता कामावर येऊ नका असं सांगितलंय.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. गुरुवारी बाजारातून आले तर कपाटातल्या साड्यांचा क्रम बदललेला. माझी डब्याची पिशवी उलटी करून पुन्हा घडी घातलेली. पोलीस नव्हते, मावशी. उत्कर्ष होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात धरून म्हणाला, घेतली असशील तर सांग, मी रागावणार नाही, आपण परत करू. आणि नसशील घेतली तरी सानवीसाठी सही करून टाक. किती शांतपणे म्हणाला! तो फौजदाराचाच आवाज होता.

तेव्हापासून मला ती संध्याकाळ दिसते. मी डबी उघडते, वाटी रुमालात गुंडाळते. रुमाल पिवळा असतो. माझ्याकडे पिवळा रुमाल कधीच नव्हता, आणि फौजदाराने रंग सांगितला नव्हता. मग तो कुठून आला? धुणं वाळत घालताना वाटीचं वजन तळहातावर जाणवतं. काल पर्सचं अस्तर उसवून पाहिलं. सानवी दारात उभी राहून बघत होती.

मी घेतली नाही ना, मावशी? तू सांगशील तर मला पटेल.

उत्तर लांबवू नकोस, एवढी कृपा कर.
तुझी
पूर्णिमा

॥ श्री ॥

इंदूर
१ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. पूर्णिमा हिस,
अनेक आशीर्वाद.

तू घेतली नाहीस. खाली हेच पुन्हा लिहिते, म्हणजे पान उलटलंस तरी दिसेल. तू घेतली नाहीस.

काकांची एक पक्षकार होती, येसूबाई. मालकिणीच्या बांगड्यांचा आळ होता. अंगावरचं मूल घरी रडत असेल म्हणून तिने कबुलीवर अंगठा उठवला. पुढे बांगड्या मालकिणीच्या भावाकडे निघाल्या, येसूबाई सुटली. तरी ती आमच्याकडे यायची, पायरीवर बसायची आणि काकांना विचारायची, वकीलसाहेब, मी खरंच घेतल्या नव्हत्या ना? काका प्रत्येक वेळी हातातलं काम टाकून सांगायचे, नाही. ते गेल्यावरही ती एकदा आली. मी सांगितलं. तिला माझं पटलं नाही.

म्हणून आज बजावते. सही करायची नाही. तो रुमाल तुझ्या भीतीचा आहे, तुझा नाही. तो दिसला की ती संध्याकाळ खरी घडली तशी मोठ्याने म्हण, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी. उत्कर्षलाही ऐकू दे. त्याच्याबद्दल आज लिहीत नाही.

सानवीला जवळ घे. माझं सगळं लक्ष तुमच्या दाराशी आहे.
तुझी
मंदामावशी

॥ श्री ॥

अकोटा, बडोदे
२३ फेब्रुवारी १९९७

ती. मंदामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

वाटी सापडली.

भट्टी तापेना म्हणून दुरुस्तीला माणूस बोलावला. आतली मागची वीट तडकून कलली होती, तिच्यामागे घरंगळून अडकलेली काळवंडलेली वाटी. वासी उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, सुटी असताना, एका गिऱ्हाइकाचा नमुना तातडीने आला होता. बक्षीसाहेब स्वतः येऊन आपल्या किल्लीने कपाट उघडून वाटी भट्टीत ठेवून गेले होते. पहारेकऱ्याने आता हे सांगितलं. त्याला आधी कोणी विचारलंच नव्हतं. साहेब म्हणतात, अगदी विसरलोच हो. खरं विसरले की तक्रार दिल्यावर आठवूनही गप्प बसले, ते मला कळणार नाही. पेढे घेऊन घरी आले आणि सोमवारपासून या म्हणाले. मी म्हटलं, येईन, पण आधी सगळ्या कामगारांसमोर हे सांगा. त्यांनी सांगितलं, मान खाली घालून. मी दारात उभी राहून ऐकलं. वाटलं होतं त्याने हलकं वाटेल.

उत्कर्ष पेढा खात म्हणाला, मला माहीतच होतं. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

तक्रार निकालात निघाल्याचा कागद हवा म्हणून काल धनाजीरावांबरोबर ठाण्यात जायचं ठरलं. उत्कर्षने रजा काढली, न विचारता. फौजदार त्याच खुर्चीत होता. आमच्याकडे पाहून हसला, बसा बेन म्हणाला आणि विचारलं, काय काम काढलंत? मावशी, त्याने मला ओळखलं नाही. खरंच ओळखलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे जन्मभराचं चित्र ठेवून गेलेला माणूस, आणि त्याला माझं नावही आठवेना. धनाजीराव सांगू लागले तेवढ्यात उत्कर्ष उभा राहिला. ठाण्यातले सगळे वळून बघतील इतक्या मोठ्याने म्हणाला, ही माझी बायको पूर्णिमा, हिने काही घेतलं नव्हतं.

हे वाक्य मला त्या सकाळी चहाच्या वेळी हवं होतं.

कागद मिळाला. येताना अकोट्याच्या पुलाशी मी स्कूटरवरून उतरले आणि त्याला म्हटलं, तू पुढे हो, मी चालत येते. तो पुढे गेला नाही. इंजिन बंद केलं आणि स्कूटर हाताने ढकलत माझ्या बाजूने चालू लागला. खाली विश्वामित्री नदीत पाणी असं नव्हतंच. लोक हॉर्न वाजवत होते, त्याला घाम फुटला होता. पूल संपेपर्यंत तो तसाच ढकलत राहिला.

होळीला मी आणि सानवी इंदूरला येतो. मी पण येऊ का, असं उत्कर्षने विचारलं आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.

आम्ही येईपर्यंत प्रकृती सांभाळ, आणि दाराशी वाट बघत उभी राहा.
तुझी
पूर्णिमा