देवी नव्हती, जाळ होता

माय, तू गेलीस तेव्हा मी बारावीत होते, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. तुझी लेक डॉक्टर झाली आणि आता हार्मोनवर संशोधन करते. हार्मोन म्हणजे अंगातल्या ग्रंथी रक्तात सोडतात तो रस. असतो अगदी किंचित, पण झोप, भूक, पाळी, हाडं, सगळ्यांवर त्याचा हुकूम चालतो. ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्याच बायांचं रक्त आणि हाडं मी तपासते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लोकायचं रगत काढतीस आन् वर हसतीस व्हय गं?"

पोटात दुखायचं म्हणून तुझी गर्भपिशवी काढली, तेव्हा तू जेमतेम तिशीची होतीस. त्यानंतरचा तो उसाचा फड मला अजून दिसतो. थंडीची सकाळ आहे, बाया शाली गुंडाळून मोळ्या बांधतायत, आणि तू एकाएकी कोयता टाकून घागरभर पाणी डोक्यावर ओतून घेतेस. चेहरा लालबुंद, अंग थरथरतंय. "वारं आलं गं, देवी आली!" शेजारची आत्या ओरडते. झालं! कुणी कुंकू लावतंय, कुणी पायावर डोकं ठेवतंय, आत्या नारळ फोडते. तू चिडून पाय मागे घेतेस. "देवी न्हाई गं बायांनो, जाळ हाय अंगात माझ्या. कावून पाया पडताव?" आत्या आणखीच हात जोडते, "देवी आसंच म्हणती."

गप्प बसली असतीस तर केवढा मान मिळाला असता! मुकादमाचीसुद्धा तुझ्यावर आवाज चढवायची छाती झाली नसती. पण तू पदरानं कुंकू पुसलंस आणि पुन्हा ऊस तोडायला लागलीस. मला त्या पुसण्याचा लई अभिमान वाटतो, माय.

पिशवीबरोबर तुझे बीजकोशही काढले होते, हे मला फार पुढं कळलं. बाईच्या हाडांना जपणारा हार्मोन तिथंच तयार होतो. उतारवयात तो हळूहळू आटतो, तुझा एका दिवसात बंद केला. म्हणून तो जाळ. म्हणून ओसरीवर नुसती घसरलीस तर मांडीचं हाड मोडलं, आणि त्या अंथरुणातून तू उठलीच नाहीस. तुझं ऐकून कुणी वेळेवर औषध दिलं असतं, तर कदाचित ते हाड मोडलंच नसतं. याचा मला आजही संताप येतो.

आज आष्टीजवळच्या आपल्या गावात बायांना जमवलं होतं. पुढच्या आठवड्यात ऊसतोडीच्या टोळ्या निघणार. आत्याच्या सुनेला अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. मी तपासलं, तर तो गोळ्यांनी बरा होणारा संसर्ग निघाला. पण आत्या हटून बसली, "फडावर जायच्या आधी पिशवी काढून टाकू. रोजची कटकट नको." मी चित्रं दाखवली, हार्मोन समजावला. बाया जांभया द्यायला लागल्या. मग चित्रं ठेवली बाजूला आणि तुझं सांगितलं. पिशवी, जाळ, कुंकू, मांडीचं हाड, सगळं. जांभया थांबल्या. आत्या उठली. "नारळ मीच फोडला व्हता. ती न्हाई म्हणत व्हती, आमीच ऐकलं न्हाई." मग सुनेकडं वळली, "पिशवी ऱ्हाऊ दे. ही सांगती त्या गोळ्या खा."

मोठमोठ्या सभांत माझ्यासाठी टाळ्या वाजल्यात, पण छाती अशी कधी फुगली नव्हती. इतक्या वर्षांनी का होईना, तुझं खरं ठरलं, तेही त्याच आत्याच्या तोंडून.

एक मात्र कबूल करते. मागच्या ओळीत गडीमाणसंही बसली होती. पिशवीचं नाव बापासमोरसुद्धा काढायचं नाही, असं तू मला बजावलं होतंस. आज त्या सगळ्यांदेखत सांगितलं, तुझं नाव घेऊन सांगितलं. तू असतीस तर हात धरून मला खाली बसवलं असतंस. आणि मी बसले नसते.