कमरेवर टेकलेला हात

तीर्थरूप लव्हिनामावशीला,

ओरिनचा लांबूनच, पण कंबर पूर्ण वाकवून नमस्कार (ती कंबर सध्या दुखते आहे, त्यामुळे हा नमस्कार नेहमीपेक्षा मोलाचा समज. कारण पुढे येईलच).

पत्राला उशीर झाला. आजारी होतो, पत्ता हरवला, असं काही लिहिणार होतो, पण खरं कारण आळस. तू पाठवलेले लोकरी मोजे मिळाले त्याच दिवशी लिहायला बसलो होतो. पेन्सिलीला टोक नव्हतं म्हणून चाकू शोधला, चाकूला धार नव्हती म्हणून एव्हरेटकाकांकडे गेलो, तर ते म्हणाले, आलाच आहेस तर थोडी लाकडं फोड. ती लाकडं अजून संपलेली नाहीत. मोजे मात्र संपले, एक टाचेकडून आणि एक अंगठ्याकडून.

तुझा गुडघा कसा आहे? समुद्रावरच्या वाऱ्याने पुन्हा धरला असेल. आणि ती म्हातारी बकरी अजून शेजाऱ्यांची दोरीवरची धुणी खाते, की आता दातांमुळे फक्त रुमालांवर आली आहे? मी बरा आहे, म्हणजे उभा आहे. एव्हरेटकाकांच्या भट्टीवर मेपलच्या झाडांचा रस आटवायचं काम करतो. रस येतो पाण्यासारखा, आणि त्याचा पाक होईस्तोवर आटवणाराच निम्मा होतो. बाहेर चिखल इतका की काल काका बुटातून पाय काढून घरी आले, बूट तिथेच राहिले. हे पत्रसुद्धा कढईशेजारीच लिहितो आहे, तेव्हा अक्षरं कुठे चिकटली असतील तर ओल्या बोटाने सोडव (आणि चाखून बघ, यंदाचा पाक चांगला उतरलाय).

तर मुख्य गोष्ट. तुला माहीतच आहे, मी सफरचंदं तोडली, बटाटे काढले, होड्यांचे तळ खरवडले, आणि प्रत्येक गावातून निघताना लोकांनी फक्त खोलीची किल्ली परत मागितली. या गावात पहिल्यांदा कोणीतरी विचारलं, पुन्हा येशील ना. हे विचारलं हुल्डाबाईंनी, गावच्या सभागृहातल्या शनिवारच्या नाचात. तिथे नाच पुकारतात त्या, म्हणजे मंचावर उभ्या राहून आता कोणी कोणाला धरायचं ते ओरडून सांगतात. मी दारात चिखलाचे बूट घेऊन उभा होतो. त्या म्हणाल्या, "बूट बदल. जोडीदार नसेल तर पहिल्या नाचाला मी आहे, पुढचं तुझं तू बघ." मावशी, मी इतका थकलेला माणूस आहे की एवढ्यानेच मला वाटलं, आता इथेच राहावं. सगळा हिवाळा मी एकही शनिवार चुकवला नाही. हे मी पत्राच्या वेळी लक्षात ठेवत नाही, नाचाच्या वेळी ठेवतो, म्हणून तू रागावशील, पण आधी पुढचं वाच.

कॉन्ट्रा नाच तुला मी काय सांगायचा, पण लिहिल्याशिवाय माझं मलाच कळत नाही. दोन लांब रांगा समोरासमोर, आणि प्रत्येक जोडी फेरीगणिक पुढच्या जोडीकडे सरकणार, निम्म्या जोड्या खाली, निम्म्या वर. जोडीदार एक, पण नाचायचं सगळ्या गावाशी. त्यात ती एक जागा येते, जिथे बाई शेजारी येऊन उभी राहते, उजवा हात पाठीमागे कमरेशी नेते, आपण तो तिथे धरायचा आणि दोघांनी सावकाश वळायचं. तिथेच हौशी लोक तो हात वर उचलून बाईला गिरकी देतात. दिसायला फार सुरेख दिसतं. मी शहरातल्या एका मोठ्या नाचात खांबाला टेकून ते पाहिलं होतं (आत जायला स्वच्छ शर्ट नव्हता) आणि पाहिलं म्हणजे आलं, असं मला नेहमीच वाटत आलं आहे. भट्टीच्या चिमणीच्या बाबतीतही तसंच वाटलं होतं, पण ते पुन्हा कधीतरी.

गेल्या शनिवारी टॅमसिन रांगेत आली. टॅमसिन म्हणजे इथली फिडल, म्हणजे नाचाचं व्हायोलिन, वाजवणारी. ती कायम मंचावर असते, पण त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या हाती वाजवणं सोपवून एका नाचापुरती खाली उतरली. ती माझ्यासमोर आली आणि मी ठरवलं, हिला अशी गिरकी द्यायची की फिडलसुद्धा विसरेल. तिने हात कमरेवर घट्ट दाबून धरला होता. मला वाटलं, हात अडकलाय. म्हणून मी मूठ आवळली आणि उपटला. तिच्या खांद्यातून जो आवाज आला तो वाद्यांच्या वरून मला ऐकू आला. आणि तो तिचा फिडलचा गज धरायचा हात होता, मावशी.

तेवढ्यात फेरी संपली. ती वर गेली, मी खाली गेलो. खाली जाताना सगळं छान होतं, लोक हसत होते, एका आजोबांनी मला डोळासुद्धा मारला. रांगेच्या तळाशी एक फेरी थांबून मी उलटा वळलो आणि वर यायला लागलो. आता गंमत अशी की वर जाताना ज्या जोड्या भेटतात त्या सगळ्या माझ्या मागून खाली सरकत आलेल्या असतात, आणि त्या सगळ्यांना वाटेत टॅमसिन भेटलेली होती. पहिल्या बाईने उजवा हात कमरेवर असा दाबला, जणू तिथला पट्टा निसटतोय. दुसरीने तसाच. तिसरी तर पोस्टातली बाई, तिने दोन्ही हात दाबले. अख्खी रांग मी एकाही उचललेल्या हाताशिवाय चढलो. वर पोचलो तेव्हा हुल्डाबाई मंचावरून माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांनी पुकारायचं थांबवलेलं नव्हतं, हेच जास्त भयंकर होतं.

नाच संपल्यावर टॅमसिन खांद्यावर बर्फाची पिशवी धरून बाकावर बसली होती. मी माफी मागायला गेलो. ती म्हणाली, "माझ्या हाताला तू दाराचं हँडल समजलास का?" मी म्हटलं, मला वाटलं अडकलाय. ती म्हणाली, "अडकला नव्हता. नको म्हणत होता. इथे शेंबड्या पोरांनासुद्धा कळतं ते." पुढच्या शनिवारी हिवाळ्यातला शेवटचा मोठा नाच, आणि तिला गज धरता येईल की नाही हे तिलाच माहीत नव्हतं. हुल्डाबाई म्हणाल्या, रविवारी माझ्या स्वयंपाकघरात ये. त्यावेळी मी नको म्हणणारा हात कसा असतो ते नीट शिकलो नव्हतो, नाहीतर माझाच कमरेवर ठेवला असता.

हुल्डाबाई माझ्या कोपरापर्यंत येतात. त्यांनी मला बाईच्या जागी उभं केलं आणि त्यांच्या हाताखालून गिरक्या घ्यायला लावल्या, म्हणजे गुडघ्यात वाकून, मान खाली घालून, चुलीवरच्या भांड्यांना वाचवत (कंबर ती हीच). एकदा त्यांनी मुद्दाम मूठ आवळली आणि ओढलं. मी कोळशाच्या बादलीवर बसलो. म्हणाल्या, "कळलं?" मग सांगितलं: बोटं नुसती आकड्यासारखी ठेव, तिची बोटं आपल्या बोटांभोवती फिरू देत, अंगठा बाहेर. अंगठा आत आला की बेडी झाली. हात तिच्या डोक्यावर टोपीसारखा धर. मी हात गोल गोल फिरवायला लागलो, तर म्हणाल्या, "लोणी काढतोयस का? ती फिरतेय, तू नाही." चक्कर आली तर खोली बघू नकोस, समोरचा चेहरा बघ. मागे झुकवायची हौस असेल तर झुकणाऱ्याचं वजन त्याच्याच पायांवर असायला हवं, आपण फक्त सोबत. आणि सगळ्यात मोठं म्हणजे गिरकी वेळेत संपव, कारण पुढचा माणूस हात पुढे करून उभा असतो, आणि रिकामा हात पुढे धरून उभं राहण्यासारखं केविलवाणं काही नाही. हे शेवटचं मला आधीच माहीत होतं. तळापासून वरपर्यंत तेच केलं होतं.

मधेच त्यांनी विचारलं, तुला ती मूठ आवळायची रीत शिकवली कोणी. मी काहीतरी सांगितलं. त्यानंतर त्यांनी शिकवणं थांबवलं आणि मला सफरचंदं सोलायला बसवलं.

असो. इथे सगळं क्षेम, आणि तिकडचंही तसंच असावं. बकरीला माझी आठवण सांग.

तुझा भाचा,
ओरिन

ता. क. मघाचं "काहीतरी" म्हणजे तुझं नाव. मी म्हणालो, लव्हिनामावशीने शिकवलं. अगदीच खोटं नाही, लहानपणी तू मला केरसुणी धरून नाचायला शिकवलंसच. केरसुणीला खांदा नसतो, एवढं माझ्या बाजूने धर. पण हुल्डाबाई म्हणाल्या, "लव्हिना? आमची लव्हिना? ती कोणाची करंगळीसुद्धा ओढणार नाही." मला काय ठाऊक की तू याच सभागृहात नाचायचीस, आणि एका गिरकीत हुल्डाबाईंच्या हातून निसटून पियानोवर जाऊन आपटलीस, आणि तेव्हापासून तुम्ही दोघी बोलत नाही. चूक कोणाची हे त्यांनी सांगितलं नाही, म्हणजे त्यांचीच असावी. त्या म्हणाल्या, लव्हिनाने लिहून दिलं तर मानीन, तोवर शनिवारी तू बाकावर. तेव्हा मावशी, हे पत्र खरं यासाठी. एक ओळ लिही, की हो, मी शिकवलं, आमच्याकडे तशीच रीत आहे. बाकावरून मी सरळ पुढच्या गावाला जाईन, स्वतःला ओळखतो मी. आणि मला आता जायचं नाही. फोन केला असता, पण माझा फोन तू कधी उचलत नाहीस.

ता. क. दुसरा. टॅमसिन आत्ता पाक न्यायला आली होती. तिने भरलेला डबा उजव्या हाताने उचलला. मला इतकं बरं वाटलं की कढईत बघायचं राहिलं आणि तळ करपला. शनिवारी वाजवणार म्हणाली. "माझ्याशी नाचशील का असं विचारलंस तर बघू," म्हणाली. मी विचारलं नव्हतं.

ता. क. तिसरा, आणि हे पत्र पोस्टात कशाला टाकायचं तेही कळत नाही. हुल्डाबाईंची गाडी आमच्या वळणावर चिखलात रुतली आहे. एका बाजूने त्या उतरल्या. दुसऱ्या बाजूने तू. म्हणजे त्यांचा फोन तू उचललास. तुम्ही दोघी एकमेकींचा हात धरून येताय, वाटेत मोठं डबकं लागलं, तेव्हा हुल्डाबाईंनी नुसता हात वर केला आणि तू त्याखालून अर्धी गिरकी घेऊन कोरड्या बाजूला गेलीस, सहज, गुडघा वगैरे असताना. कोणाचाही अंगठा आत नव्हता, मी नीट बघितलं. आता तू मान वर केलीस. मी खिडकीत दिसलो तुला. तुझा उजवा हात कमरेवर गेला आणि घट्ट दाबला गेला.

हे मला आता वाचता येतं.