मेलेल्या पाहुण्याचं वाक्य

दि. ३ मार्च

चि. ठमीस, बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सुखरूप पोचलो. चष्मा तुझ्याकडेच राहिला. गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही. तुझा सिनेमा मी बिघडवला, हेच डोक्यात. दोन बायकांचा संसार, घरी आलेला पाहुणा मरतो आणि दोघी एकमेकींवर संशय घेतात, अशी मजेदार गोष्ट. मला फक्त मेलेला पाहुणा होऊन सतरंजीवर पडायचं होतं. तेही जमलं नाही. डोळे किलकिले ठेवले, ही चूक. डॉक्टरीणबाई फौजदाराच्या कोटात मागे सरकल्या, पायात दिव्याची वायर येणार असं दिसलं, आणि सूनबाई, पाय जपा, असं मी म्हणून गेलो. सहा वर्षं तुम्ही एकत्र राहता, मी त्यांना डॉक्टरीणबाईच म्हणतो. हे ‘सूनबाई’ कुठून आलं कोण जाणे.

तेवढं कापून टाक. चाळीस वर्षं या गल्लीच्या पँटी शिवल्या. उद्या लोकांनी विचारलं तर काय सांगू? शिवाय मी शिवलेल्या त्या फौजदाराच्या कोटाची डावी बाही अर्धा इंच लांब झालीय.

डॉक्टरीणबाईंना नमस्कार. राग न धरता माया ठेव.

बाबा

दि. ९ मार्च

ती. बाबांस, ठमीचा सा. न. वि. वि.

चष्मा पाठवतेय. बाही कुणाला दिसत नाही, तुमचं पोट मात्र दिसतं. एवढा धापा टाकणारा मुडदा मी पाहिला नाही.

तुम्ही बोललात तेव्हा आम्ही सगळे हसलो, ही तुमची डॉक्टरीणबाई मात्र हसली नाही. पुढचं वाक्यच विसरली. परवा दवाखान्यातून आल्यावर तिने तो तुकडा चार वेळा बघितला आणि भांडी घासायला गेली. मग म्हणाली, बाबांना नको असेल तर काढ, त्यांना अवघडवू नकोस. वीस तारखेला सिनेमा तुमच्या गावात लागतोय. त्याआधी कळवा. म्हणाल तसं करीन, धुसफुसणार नाही.

तब्येत सांभाळा, आमच्यावर जीव असू द्या.

ठमी

दि. १३ मार्च

चि. ठमीस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग उगाच एक शर्ट घेऊन इस्त्रीवाल्याकडे गेलो. म्हटलं, गल्लीत पहिल्यांदा यालाच सांगून बघू. सिनेमात मी मुडदा आहे आणि फौजदार माझी सूनबाई आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, तुम्हाला तर एकच मुलगी. मी म्हटलं, तिचीच बायको. त्याने शर्ट उलटा केला, कॉलरवरून इस्त्री फिरवली आणि विचारलं, त्या दातांच्याच डॉक्टर ना? त्याची दाढ महिनाभर ठणकतेय. वीस तारखेला तुम्ही याल तेव्हा तपासतील का, विचारून कळव.

कापू नकोस. जिवंतपणी सहा वर्षं जे म्हणायला जमलं नाही, ते मेल्यावर तरी म्हटलं. राहू दे.

कोट घेऊन या, बाही आखूड करून देतो. खाली सवयीने नमस्कार लिहिला होता, तो खोडलाय.

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुम्हां दोघींचा,
मयत बाबा