गोळ्याच्या पोटातले विश्वंभरकाका

नागरवाडा, बडोदे
९ जानेवारी १९७८

तीर्थस्वरूप विश्वंभरकाकांना निरुपमाचा शिरसाष्टांग नमस्कार.

मागच्या पत्रात माझी एक चूक झाली. ती आधी दुरुस्त करते आणि मग तुमच्या गुडघ्याची चौकशी करते. (क्रम उलटा आहे हे कळते, पण गुडघा दोन ओळी थांबेल, चूक थांबणार नाही.) कच्छच्या खडकात मला सापडलेल्या नव्या जातीला तुमचे नाव मिळणार, असे मी लिहिले होते. ती जात नवी नाही. तिला शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच नाव मिळाले आहे आणि ते तुमचे नाही. आता सांगा, गुडघा कसा आहे? पुण्याची थंडी सोसते ना?

झाले ते असे. आमचे फोरॅमिनिफेरा म्हणजे समुद्रात तरंगणारे एकाच पेशीचे जीव. जीव गेला की चुन्याचे कवच तळाशी बसते, लाखो वर्षांनी तिथे खडक होतो, आणि तो खडक भिजवून, चाळून, ओल्या कुंचल्याने एकेक कवच उचलायला बडोद्यात एक मुलगी बसते. हा जीव वाढला की पुढे नवी खोली बांधतो, पण जुनी पाडत नाही (मांजलपूरला हल्ली घरे बांधतात तसेच, फक्त शेजाऱ्याशी भांडण नाही). खोल्यांची मांडणी आणि तोंडाची जागा यांवरून जात ठरते आणि कोण कोणाचा पूर्वज तेही. आमच्या गजेंद्र सरांचा जीव या पूर्वजांतच अडकलेला. एक गोल, चेंडूसारखी, सर्वांना ठाऊक असलेली जात आहे. तिच्या पूर्वजाचा दुवा ते कित्येक वर्षे शोधत होते. मी चाळणीतून पडलेली बारीक, शंखासारखी कवचे दाखवली तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. “निरुबेन, आ तो दादा छे! गोळ्याचा दादा! आणि नाम तमारा काकानुं!” (गुजरातीत दादा म्हणजे आजोबा.) विद्यार्थी असताना तुमच्याकडे चार वर्षे जेवले, त्याची परतफेड त्यांना अखेर सापडली होती. (आमटी काकूंची आणि नाव तुमचे, हे मला तेव्हाही खटकले होते; पण सरांना कोण सांगणार?)

गुरुवारी मी एक गोळा काचपट्टीवर चिकटवत होते. शिंक आली. सुई टेकली, गोळा तडकला, आणि आत पाहते तो तीच शंखासारखी खोली! काका, गोळ्याच्या पोटातून तुम्ही निघालात. मी हात पुसून दुसरा गोळा मुद्दाम फोडला. त्यातही तुम्ही. पूर्वज वंशजाच्या पोटात कसा बसेल? तो पूर्वज नव्हेच, ते बालपण आहे. हा जीव मोठा झाला की शेवटची खोली एवढी बांधतो की आधीचे सगळे घर तिच्यात गुंडाळले जाते. ज्यांना तेवढे आयुष्य मिळाले नाही, ती माझी बारीक कवचे. मोठी वरच्या चाळणीत राहिली आणि मी त्यांना ‘ओळखीची’ म्हणून वेगळ्या डबीत घातले, म्हणून माझ्यासमोर नुसती बालवाडी उरली. आजोबा म्हणून ज्यांना पाटावर बसवले, ती त्याच घरातली पोरे.

आई म्हणाली, “मग काय झालं? नाव पोरांचंच ठेवतात. तू गप्प बस, तुझी पीएच.डी. त्यांच्या हातात आहे.” तरी मी सरांकडे गेले. ते संक्रांतीच्या पतंगांसाठी रस्त्यावर मांजा पाजणाऱ्यापाशी फिरकी घेऊन उभे होते, बोटे गुलाबी. मी ‘सर, तो दादा’ एवढेच म्हणाले, तर म्हणाले, “उत्तरायण पछी, बेन! अत्यारे दोरी जो!” उत्तरायणानंतर ते विभागात या ‘दादा’वरचा निबंध वाचणार आणि वाचून झाला की परदेशी धाडणार. तो छापला गेला तर माझी चाळणीची चूक जगभर जाईल, आणि तीही तुमचे नाव लावून.

त्यातच मंदाकिनीकाकूंचे पत्र आले: पेढे वाटून झाले, सोसायटीत सत्कार ठरला, “खडकात का होईना, घराण्याचं नाव लागलं.” ते वाचून मला दोन दिवस जेवण गेले नाही. (खोटे कशाला लिहू, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उंधियू खाल्ले.) पण काका, चौथीपर्यंत शाळा सुटल्यावर तुम्हीच मला घरी शिकवलेत. उत्तर चुकले तर पाटी पुसू देत नव्हतात. चूक दिसली पाहिजे म्हणून तिच्यावर रेघ मारायला लावायचात. शाळेत सगळ्या मुलींत माझी पाटी घाणेरडी होती. तेव्हा ही रेघही मीच मारणार. काकूंना नमस्कार सांगा आणि सत्काराचे हळू सांगा.

तुमची आज्ञाधारक,
निरुपमा

ता. क. खरे तर पत्र एवढ्यासाठीच लिहिले: ‘मला असला मान नको’ असे दोन ओळींचे कार्ड तुम्ही सरांना टाकाल का? तुमचा शब्द ते मोडणार नाहीत, आणि मला तोंड उघडावे लागणार नाही.

ता. क. २. कार्ड टाकू नका. तुम्ही नको म्हटलेत तर सर दुसऱ्या कोणाचे तरी नाव देतील, आणि पोर आजोबाच राहील. दोन्ही फुटलेले गोळे डबीत घेतले आहेत. सोमवार, १६ जानेवारी. सर निबंधाचे पहिले पान उघडण्याआधी मी उभी राहीन.