तांदळाएवढे बाबा

बाबा, तुमचा नातू रिटायर झाला आणि घरातच रेल्वे आणून बसला. हे बोलते मी आहे आणि लिहिते माझी सून आहे, कारण अक्षर मला तुम्हीही शिकवलं नाही आणि सासरच्यांनीही नाही. त्या एका गोष्टीत दोन्ही घरांचं छान जमलं होतं. मी 'मले' म्हणते आणि ती 'मला' लिहिते. शिकलेली बाई आहे, तिचा हात तसाच वळतो. तुम्ही आपलं माझ्या आवाजात ऐका.

नातवाला तुम्ही पाहिलं नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो इतवारीहून छोट्या गाडीत बसून भिवापूरकडे मामाच्या घरी जायचा, तुम्ही राखायचात त्या रेल्वे फाटकावरून. ती छोटी लाइन आता उखडली, मोठी टाकून राहिले म्हणतात. तुमचं फाटक आणि बाजूची खोलीही गेली. ते ऐकल्यापासून याच्या डोक्यात बसलं की ती लाइन जशी होती तशी घरात करायची, आणि आमच्या जेवायच्या टेबलावर त्याने गाव वसवलं. आम्ही तिघं तेव्हापासून खाली बसून जेवतो, आणि माझे गुडघे रोज त्याच्या रेल्वेच्या नावाने बोटं मोडतात.

यात एक चलाखी आहे, ती तुम्हाला सांगते. टेबल आहे चार हातांचं, आणि दिसायला पाहिजे कोसभर. म्हणून समोरचं सगळं मोठं करायचं आणि मागचं लहान लहान करत न्यायचं. समोरचं घर वीतभर, मागचं काड्यापेटीएवढं. रूळसुद्धा मागे नेता नेता जवळ आणायचे. समोरच्या रुळाखाली त्याने भगरीची गिट्टी टाकली आणि मागे खसखशीची. सुनेला डबा रिकामा दिसला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खसखशीचा भाव माहीत आहे का तुमाले?"

"अवं, दूरची गिट्टी बारीक दिसते ना."

"हाव ना. मग यंदा अनारसेही दुरूनच पाहा."

मिरच्या वाळत घातलेल्या दाखवल्या त्याने. समोरच्या लालभडक, मागच्यांवर पांढरट हात फिरवलेला. मी म्हटलं, बाप्पा, ही मागची मिरची कोण घेते, पावसात भिजल्यावानी दिसते. तर म्हणाला, आई, लांबचा रंग असाच विटतो. खरं होतं ते.

सुरुवातीला त्याने फाटक अगदी समोर ठेवलं होतं आणि गाडी पार मागे, काडीएवढी, येताना. फाटकाशी तुम्ही उभे राहणार, चांगले बोटभर उंच. सगळं झालं की तो त्याचा फोटो काढणार होता, आणि तो मोठा करून भिंतीवर लावणार होता. आमच्या भिंतीवर सासरे आहेत, सासूबाई आहेत, तुमचे जावई आहेत. तुमचा फोटो कधी कोणी काढलाच नाही. म्हणजे या भिंतीवर माझ्या माहेरचं माणूस पहिल्यांदा चढणार होतं. त्या दिवशी मी त्याला दोन पोळ्या जास्त वाढल्या, सांगितलं मात्र काही नाही.

मग तो माती घेऊन माझ्यासमोर येऊन बसला.

"आई, आबाजीचं नाक कसं होतं?"

"नाकासारखं."

"मस्करी नको करू ना. लांब होतं का बसकं?"

"काहून? तुले त्यायचं लगन लावायचं आहे?"

"अन् मिशी? डोळे?"

"दोन होते. मोजले होते म्या."

तो हसला, सूनही हसली. मी हसवत होते, बाबा, कारण मला सांगता येत नव्हतं. तुमचा चेहरा माझ्याजवळ नाही. कधी गेला ते कळलंही नाही. तुमचे हात आहेत, त्यांना कंदिलाच्या घासलेटचा वास आहे. तुमचा खोकला आहे. फाटकाच्या खोलीत आई चुलीपुढे भाकर थापते आहे, आणि तुम्ही ताट हातात घेऊन दारात उभे आहात, लाइनीकडे तोंड करून. कधी खाली बसून जेवला नाहीत. मला तुमची पाठ दिसते, मानेवरची सुरकुती दिसते, जबडा हलतो तसा कान हलताना दिसतो. मी विचारते, बाबा, ते तिकडे रूळ एक झाले, मग गाडी कशी जाते? तुम्ही मला बोटाला धरून लाइनीच्या कडेकडेने नेता, ऊन लागून मी रडायला येते, आणि रूळ काही एक होत नाहीत. मी म्हणते, कुठं गेलं ते टोक? तुम्ही म्हणता, "तुले पाहून पळालं." हे बोलताना तुम्ही माझ्याकडे वळलाच असाल. तेवढं वळणं मला आठवत नाही.

शेवटी मी त्याला म्हटलं, तुझ्यासारखं कर. त्याने आरशात पाहून पाहून चेहरा केला, मिशी लावली, टोपी घातली. संध्याकाळी दाखवायला आणला. कोणी परका माणूस होता, बाबा, लग्नातल्या बँडवाल्यासारखा. हा आता भिंतीवर लागणार, आणि रोज पाहून पाहून मलाही तो खरा वाटायला लागणार, याची मला भीती वाटली. माझ्या मनात तेवढा जो तुमच्यासाठी रिकामा कोपरा होता, तिथे हा बसणार.

मी म्हटलं, "याले काढ. फाटक मागं ने."

"मागं? आई, सगळं उलटं करावं लागते. अन् मागं नेलं तर आबाजी तांदळाएवढे होतीन. कोणाले समजन कोण आहे?"

"मले समजन."

"मग समोर काय ठेवू?"

"खिडकी ठेव. गाडीची."

त्या दिवसाबद्दल मी त्याला कधी बोलले नव्हते. सकाळी तुम्ही माझं कन्यादान केलं आणि बदलीचा माणूस आला नाही म्हणून नव्या धोतरावर खाकी कोट चढवून फाटकावर गेलात. वऱ्हाड घेऊन छोटी गाडी निघाली, मी शेवटच्या डब्यात खिडकीजवळ. फाटक आलं, गेलं. गाडी तिथे वळण घेते म्हणून मागचं बराच वेळ दिसत राहतं, आणि ती गाडी चालायची तरी कशी, बैलगाडीवाल्याला लाज वाटावी अशी. मी पाहत राहिले. तुम्ही लहान होत गेलात. पहिल्या दिवाळीला मी येणारच होते. त्याआधी ताप आला तुम्हाला, आणि मला निरोप आला तेव्हा सगळं उरकलेलं होतं.

पोराने ऐकलं आणि कुरकुर न करता सगळं उलटं केलं. खसखस, मिरच्या, घरं, सगळं. मागच्या फाटकाशी तांदळाएवढा माणूस उभा केला, हातात हिरवा ठिपका. झेंडी बाजूला धरलेली, नियमाप्रमाणे. मी भिंग घेऊन पाहिलं आणि म्हटलं, अशी नाही. समोर धर.

"समोर धरली तर झेंडी तोंडावर येते, आई. तोंडच दिसत नाही."

"तसंच होतं," मी म्हटलं. "त्यायनं तोंडासमोर धरली होती."

सून चहा ठेवायला उठली होती, ती तशीच उभी राहिली. मग पोराने सुईच्या टोकाने तो ठिपका सरकवला.

ही चलाखी एकाच जागेवरून जमते. बाजूने पाहिलं तर सगळं वेडंवाकडं, खेळण्यातलं. म्हणून त्याने पुठ्ठ्याला भोक पाडून ते नेमक्या उंचीवर उभं केलं आणि मला स्टुलावर बसवलं. एक डोळा झाक म्हणाला. माझा एक रामदासपेठेत ऑपरेशन करून आणलेला आहे, दुसरा मोतीबिंदूनेच झाकला आहे. माझं काम सोपं. भोकाला डोळा लावला, बाबा, आणि टेबल गेलं. खिडकीच्या गजापलीकडे कोसभर लाइन, फिक्या मिरच्या, आणि त्या टोकाला तुम्ही. मी किती वेळ बसले माहीत नाही. पोरगा म्हणाला, आई, सरक ना, फोटो काढू दे. मी सरकले नाही.

आता फोटो भिंतीवर आहे, तुमच्या जावयाच्या शेजारी. ते केवढे मोठे आणि तुम्ही केवढे लहान. जिवंतपणी त्यांना हेच आवडलं असतं. येणारे-जाणारे विचारतात, यात तुमचे वडील कुठे? मी बोट लावून दाखवते. ते माझ्या समाधानासाठी मान हलवतात. सून विचारते आहे की हे पत्र कुठे पाठवायचं. मी म्हटलं, कुठेच नाही, ठेव तुझ्या साड्यांखाली. ती लिहायची थांबली आहे, तिला वाटतं झालं. झालं नाही, एवढं लिही वं, पोराला दाखवू नको फक्त. झेंडी तोंडासमोर होती हे मला खरंच आठवलं, की तुमचं तोंड सापडेना म्हणून मीच ती तिथे धरली, हे मला सांगता येत नाही, बाबा. पण आता फोटो निघाला आहे, म्हणजे तसंच झालं असणार.